आवाज येतो, तोंड दिसत नाही

१

लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, आवाजही येतो, पण पडदा काळा. गिऱ्हाईक असं म्हणालं की माझं अर्धं काम तिथंच होतं. बाहेरचा मॉनिटर जोडायचा. त्यावर चित्र आलं तर लॅपटॉपचा पडदा गेला, म्हणजे सुटलो. त्यावरही काळं किंवा रेघोट्या आल्या तर आतली ग्राफिक्सची चिप गेली. ही चिप तापते, निवते, परत तापते, परत निवते, आणि एक दिवस तिच्या पोटाखालचे कथिलाचे बारीक दाणे बोर्डाची पकड सोडतात. त्या वर्षांत निघालेल्या कितीतरी लॅपटॉपना हाच रोग होता. बाकी सगळं शाबूत राहतं. फक्त तोंड जातं.

हे मला कॉलेजनं शिकवलं नाही. औरंगाबादचं इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. माझे वडील रामकिसन चारचौघांत सांगतात, "पोरगं इंजिनिअर होऊन राह्यलं होतं, मधीच डोकं फिरलं." डोकं फिरलं नव्हतं. वर्गात मास्तर पिवळी पडलेली पानं वाचून दाखवायचा आणि आम्ही ती उतरवून घ्यायचो, एवढंच शिक्षण चाललं होतं. ते मी बंद केलं आणि तीर्थपुरीत, बाजाराच्या रस्त्याला, खताच्या दुकानावरची खोली घेऊन कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. खोलीला कायम युरियाचा वास. पण तिथं कोणी उपदेश करायला यायचं नाही. जिना फार उभा होता, म्हाताऱ्यांना चढवायचा नाही.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात, बाजारच्या दिवशी दुपारी, चतुरामावशी तो जिना चढून आली. लेकरू कडेवर घ्यावं तशी तिनं एक गोधडी घेतली होती.

"गोधडी शिवायची असंल तर खाली विचार, मावशी."

"गप रे. दार लाव आधी."

चतुरामावशी आमच्या गल्लीतली. नात्याची नाही, पण गल्लीतली सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात. तिचा नवरा तातेराव अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. गळीत हंगाम चालू होता, म्हणजे सकाळी गेलेला माणूस अंधार पडल्याशिवाय येत नव्हता. तेवढा वेळ साधून ती आली होती.

तिनं गोधडी टेबलावर ठेवून उलगडली. आत लॅपटॉप होता. कौसल्याचा. झाकणावर तिनं चिकटवलेलं फुलपाखरू अजून होतं.

"कौशी बोलती यातून," मावशी म्हणाली. "रोज बोलती. पण तोंड दिसंना गेलंय. माझ्या लेकीचं तेवढं तोंड दिसू दे, बद्री. हे घरी यायच्या आत."

२

कौसल्या त्यांची एकुलती एक. पुण्यात नोकरीला लागली, पहिल्या पगारांतून हा लॅपटॉप घेतला. आदल्या दिवाळीला घरी आली आणि सांगितलं की ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करणार आहे. मुलगा दुसऱ्या जातीतला. तातेरावनं तिला खोलीत कोंडलं. चवथ्या का पाचव्या दिवशी मावशीनंच कडी काढली आणि जालन्याच्या बसस्टँडवर तिला मोटारसायकलवरून मी सोडलं. "लागलंच तर फोन कर," म्हणून कौसाताईनं मला नंबर दिला होता. लागलं नव्हतं.

लॅपटॉप ती आईसाठी ठेवून गेली. कडेला इंटरनेटची काडी खोचलेली. "माय, हे उघड, हे दाब, की मी दिसेन." आणि ती दिसायची. तातेराव काट्यावर गेला की मायलेकी बोलत बसायच्या.

उन्हाळ्यात तातेरावला हे कळलं. मग त्यानं जे केलं ते मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, असं कुठं असतं का. असतं. त्यानं पोरीचा दहावा घातला. जिवंत, धडधाकट, पुण्यात रोज कामावर जाणाऱ्या पोरीचा. गोदावरीवर जाऊन, न्हावी लावून, पिंड ठेवून. गावातली सगळी मोठी माणसं गेली. माझा बापही गेला.

"तुम्ही जेवले तिथं?" मी घरी विचारलं होतं.

"गावात राहायचं असतं, बद्री."

"काय होतं जेवायला?"

बापानं मान खाली घातली. "बुंदी."

त्या दिवसापासून मी बापाशी कामापुरतं बोलायचो. तो समोर आला की मला बुंदी आठवायची.

३

बाहेरचा मॉनिटर जोडला. हिरव्या रेघोट्या, चौकोन, मग काळं. चिप. असल्या चिपेला गरम हवेच्या मशीनखाली धरतात. ते मशीन औरंगाबादला, आणि मावशीला तेवढे दिवस लॅपटॉप घराबाहेर ठेवता येणार नव्हता.

दुसरा एक गावठी इलाज होता. लॅपटॉप चालू करायचा, गोधडीत घट्ट गुंडाळायचा, हवा जायच्या जागा बंद करायच्या. तो आतल्या आत इतका तापतो की सुटलेले दाणे कधीकधी परत धरतात. कितीक दिवस टिकेल सांगता येत नाही. पण एकदा तोंड दिसतं.

"म्हणजे ताप आलेल्या लेकराला गुंडाळतात तसं?" मावशीनं विचारलं.

"उलटं. ताप आणायचा."

गोधडी तिनंच शिवलेली होती. कौसाताईचे लहानपणचे फ्रॉक, शाळेचा निळा पिनाफोर, एका कोपऱ्यात नाव घातलेला शाळेचा बिल्ला तसाच शिवलेला. मी गुंडाळलं आणि आम्ही बसून राहिलो. खाली मिरच्यांचा लिलाव चालला होता. मावशी गोधडीवर हात ठेवून बसली होती, तिचा हात आपोआप थोपटत होता.

"माय," गोधडीतून आवाज आला.

दबलेला, पण कौसाताईचाच. मी हसलोच. इतक्या महिन्यांनी ऐकला होता.

"हां बाई, मी हाये," मावशी म्हणाली. "बद्रीकडं आणलंय तुला. तोंड नीट करायला."

"जेवलीस का, माय?"

"जेवले."

"कुठं जाऊ नको. थंडी वाजून राह्यली."

"ताई, मी बद्री!" मी गोधडीकडे वाकून ओरडलो. "पुण्यात लई थंडी पडली काय?"

उत्तर आलं नाही. फक्त श्वासासारखं काहीतरी. पंखा असेल म्हणून मी सोडून दिलं.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग रोजचंच, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. नेट कसं काय चालतंय बघू म्हणून मी गोधडीची कड उचलून काडी चाचपली. कडेच्या फटीत काहीच नव्हतं.

"मावशी, इंटरनेटची काडी कुठाय?"

"कोणती, ती लाल दिव्याची? ती तर यांनी विहिरीत फेकली. उन्हाळ्यातच. दहाव्याच्या आदल्या दिवशी." ती थोपटतच होती. "काहून? ती लागती काय?"

४

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते रेकॉर्डिंग. कौसाताई हुशार बाई होती, आईला करमावं म्हणून चार वाक्यं भरून ठेवली असतील. जेवलीस का. कुठं जाऊ नको. ही वाक्यं कुठल्याही उत्तराला चालतात. माझ्या दुकानात वायफाय नव्हतं, तीर्थपुरीत तेव्हा कोणाकडेच नव्हतं. मग दुसरं काय असणार?

"मावशी, तिला विचार, खाली रस्त्यावर कशाचा लिलाव चाललाय. ऐकू येत असंल तर सांगंल."

मावशीनं विचारलं.

"मिरच्यांचा," गोधडीतून आवाज आला. मग जरा थांबून, "बद्री, तू विचारून राह्यलाय ना? ऐकू येतं मला. दिसत काहीच न्हाई."

मी उठून गोधडी सोडली. झाकण उघडलं. लॅपटॉप हाताला चटका बसेल इतका तापला होता, आणि इलाज लागू पडला होता. पडद्यावर चित्र होतं.

एक खोली. मागं भिंत, मातीची का कसली ती कळत नव्हतं, ओली दिसत होती. पुढं एक बाई बसलेली. हिरव्या बांगड्या स्वच्छ दिसत होत्या, एकेक मोजावी अशा. वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, कौसाताई घ्यायची तशी. ओढणीची शिवणसुद्धा दिसत होती. आणि चेहऱ्याच्या जागी पांढरट, गुळगुळीत गोळा.

मी लगेच झाकण अर्धं ओढलं, मावशीला दिसू नये असं.

चिप पूर्ण धरली नाही, म्हणून तेवढ्याच भागात बिघाड. असं होतं. मी लॅपटॉपमधले जुने फोटो उघडले. कॉलेजचं गॅदरिंग, दिवाळीची रांगोळी, तातेराव मिशीला पीळ देताना. सगळ्यांचे चेहरे नीट. परत त्या खिडकीत आलो. गोळा. बाहेरचा मॉनिटर बॅटरीवर चालत नाही, म्हणून लाईट येईपर्यंत थांबलो, जोडला, आणि मोठ्या काचेवर तेच बघितलं. बांगड्या झळझळीत. चेहरा नाही. बिघडलेली चिप माणूस बघून चित्र खराब करत नाही. बिघाड असता तर सगळीकडे असता.

त्या गोळ्याची मान खालच्या लिलावाच्या आवाजाकडं जराशी वळली. आंधळं माणूस वळवतं तशी.

"दिसली का रे?" मावशी मागून म्हणाली.

"न्हाई अजून. रेघा येऊन राह्यल्या." मी झाकण मिटलं. "आज ठेवून जा माझ्याकडं."

तिनं गोधडीची टोकं नीट खोचली. मग म्हणाली, "ठेव. पण गोधडी काढू नको."

ती गेल्यावर मी लॅपटॉपची बॅटरी काढून वेगळी ठेवली आणि दुकानाला कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी आलो तर खोली गार पडली होती. बादलीतलं पाणी हात घालवत नव्हतं, पकडी-पेचकस बर्फासारखे. मी गोधडीच्या आत हात घातला.

लॅपटॉप गरम होता. यंत्र तापतं तसा नाही. तापातलं कपाळ लागतं तसा.

५

मी परत घरी गेलो. बाप अंगणात ऊन खात बसला होता.

"दहाव्याला काय काय केल्तं, सगळं सांगा."

"सकाळी सकाळी काय काढलंस हे?"

"सांगा. बुंदी सोडून."

बापाला राग आला, पण माझ्या तोंडाकडं बघून गिळला त्यानं. "प्रेत न्हाई म्हणल्यावर भटजी म्हणले, कणकेची बाहुली करावी लागती. परदेशात कोणी मेलं, पुरात वाहून गेलं, तर करतात तशी. मंग चार जणांनी कणीक मळली. बांगड्या घातल्या, ओढणी गुंडाळली तिच्या जुन्या कपड्यातली. काळ्या दोऱ्याची वेणी लावली."

"आणि तोंड?"

बापानं जमिनीवरची एक काडी उचलली.

"बाबा, तोंड कसं केल्तं?"

"न्हावी डोळे काढायला बसला होता, काडीनं. तर तातेराव ओरडला, नाक-डोळे काही काढायचे न्हाईत, तसंच जाऊ द्या. मंग तसंच सोडलं पाण्यात."

"तुम्ही काय केलं?"

"काय करणार? उभा होतो."

हे यांचं सगळ्यांचंच. उभे असतात. एकजण कणकेला डोळे काढू देत नाही, बाकीचे धोतर सावरून उभे, आणि मग पंगतीला बसायची घाई.

"कावळा तरी थांबला असंल," मी म्हणालो. "जिवंत माणसाच्या पिंडाला काय शिवणार तो."

बापानं हातातली काडी मोडली. "तेच नवल वाटलं आम्हाला. खऱ्या मयतीला तास तास हात जोडावे लागतात. त्या दिवशी पिंड ठेवला आन् लगेच शिवला. बराबर शिवला."

६

दुकानात येऊन कौसाताईनं दिलेला नंबर लावला, आणि लागला. रिंग वाजत होती तेव्हा मनातल्या मनात मी काय धरून बसलो होतो ते लिहीत नाही.

"हॅलो? कोण?"

तोच आवाज. पण याला मागं रस्ता होता, कुकरची शिट्टी होती, धाप होती. मी खाली बसलो.

"बद्री बोलतोय, ताई. बरी आहेस का?"

"बद्र्या! अरे, बरी म्हणजे... ढोल झालेय. नववा लागला मला." ती हसली, मग एकदम थांबली. "घरी काही झालं का? मायला?"

"न्हाई. मावशी बरी आहे. ताई, तू तिच्याशी शेवटची कधी बोलली?"

"उन्हाळ्यात. मग बंदच पडलं ते. घरी फोन लावला तर अण्णा उचलून ठेवून देतात." आवाज कडक झाला. "आणि कळलं मला, माझा दहावा घातला म्हणे. मायपण बसली होती म्हणे पंगतीला."

"खोटं आहे. मावशीनं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. दारं लावून बसली होती ती. माझ्या आईनं बघितलंय."

पलीकडं कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला.

"मग तिनं मला शोधलं का नाही रे? एवढ्या महिन्यांत? कोणाकडून एक निरोप नाही. मला वाटलं, तिच्यासाठीपण मी मेलेच."

मी काय सांगणार होतो? की तिनं शोधलं नाही, कारण तिला तू रोज भेटतेस? गोधडीकडं बघायचं मी टाळत होतो.

"पहिलं बाळंतपण आहे," ताई म्हणाली. "इथं माझं कोणी नाही. सासू बोलत नाही. बद्री, माय येईल का? तू विचारशील?"

७

मावशी दुपारी आली. मी बॅटरी टेबलावर ठेवली होती, तिला दिसेल अशी. मोबाईलवर नंबर लावला आणि तिच्या कानाला धरला.

"मावशी, ही कौसाताई आहे. खरी. बोल."

पहिल्यांदा तिनं मला वेड्यात काढलं असावं. मग पलीकडचं "माय" ऐकलं. ओळखीच्या आवाजाला ती काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात ताई धाप टाकत नवव्या महिन्याचं बोलली आणि मावशीचा हात तोंडावर गेला.

"नववा? आन् मला काही म्हणली न्हाई तू! रोज बोलती आन्..."

ती थांबली. तिनं गोधडीकडं बघितलं. मग टेबलावरच्या बॅटरीकडं. शिकलेली नव्हती, पण अक्कल होती.

"माय," गोधडीतून आवाज आला. "कोणाशी बोलून राह्यलीस?"

फोनमध्ये ताई म्हणत होती, "माय, कोण आहे तिथं?" दोन्ही आवाज एकच. मी टेबलापासून मागं सरकून भिंतीला टेकलो.

मावशीनं एका हातानं फोन धरला होता. दुसरा हात तिनं गोधडीवर ठेवला. थोपटलं.

"मला वाटतच होतं," ती मला हळूच म्हणाली. "कौशी कधी मला जाऊ नको म्हणली न्हाई. ती नेहमी म्हणायची, माय, निघ तू इथनं."

"मावशी, ते इथं सोड. मी बघतो काय करायचं ते."

"काय बघतो? भंगारात घालतो?" ती एकदम तडकली. "हिचा काय दोष? कणीक मळताना हिला कोणी विचारलं का, तुला करू का म्हणून?"

मग फोनमध्ये तिनं एवढंच म्हटलं, "येते बाई. आजच निघते," आणि लॅपटॉप गोधडीसकट कडेवर घेतला.

मी तिला मोटारसायकलवर घरी सोडलं. पाठीमागं बसलेल्या तिच्या आणि माझ्या पाठीच्या मधे ते गाठोडं होतं. स्वेटरमधून ऊब लागत होती.

त्या दिवशी कारखाना दुरुस्तीला बंद होता. तातेराव ओसरीवर पेपर वाचत बसला होता.

"कुठं गेल्ती?"

"कौशीशी बोलायला."

"ती मेली."

"हो ना," मावशी म्हणाली. "घ्या मंग."

आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ढकलायला हात लावला आणि ऊब लागली तसा तो हात तिथंच राहिला.

"अण्णा?" गोधडीतून आवाज आला. "अण्णा, तुम्ही हाय का?"

पेपर खाली पडला. मी त्या माणसाला काट्यावर ट्रॅक्टरवाल्यांच्या अंगावर ओरडताना बघितलं होतं. तो गाठोड्याखाली मांडी तशीच धरून बसला.

"मी पोटात वाढवली ती पुण्यात हाये," मावशी म्हणाली. ती पिशवीत लुगडी कोंबत होती, आत-बाहेर करत होती, आणि आवाज मात्र अगदी साधा. "ही तुमची. तुम्ही एका सकाळी केली. आता सांभाळा. हिला थंडी वाजती, गोधडी काढू नका. दिसत न्हाई तिला, म्हणून मधी मधी आवाज देत जा. घाबरती."

"चतुरा, थांब," एवढंच त्याला जमलं.

"बद्री, गाडी काढ."

जालन्याच्या बसस्टँडवर, वर्षापूर्वी लेकीला बसवलं त्याच पुण्याच्या गाडीत मी आईला बसवलं.

८

मुलगी झाली. मावशी तिकडंच राहिली. ताई फोनवर म्हणाली, "सारखी मांडीवर घेऊन बसते. आणि चेहऱ्याकडं बघत राहते तासन् तास. मी म्हणते, माय, नजर लागेल."

होळीच्या सुमारास एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी थांबत. तातेराव होता. दाढी वाढलेली, मिशी गळालेली. काट्यावरची नोकरी सोडली होती म्हणे. कडेवर गोधडी. उन्हं तापली होती, आणि त्यानं वरून आपली शाल पण गुंडाळली होती.

या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यायचं मी कितीदा मनात ठरवलं होतं. मी खुर्ची पुढं केली.

"बद्री," तो म्हणाला, "तू फोटो-बिटो जोडतो ना कॉम्प्युटरवर? हिचे फोटो हायेत माझ्यापाशी. त्यावरून तोंड बसवता येतं का रे हिला?"

"अण्णा, फोन लावून देतो. पुण्याला जा. नात झालीय तुम्हाला."

"ती घरात घेईल का मला?"

"न्हाई घेतलं तर दारात बसा. तेवढं तर बसाल?"

त्यानं गोधडी सारखी केली. "मी गेलो तर हिच्यापाशी कोण? दिसत न्हाई म्हणून रडायची. रडलेलं पण कळायचं न्हाई, नुसता श्वास. मंग मीच केलं थोडं. मला जमलं तसं."

त्यानं झाकण उघडलं.

लॅपटॉपला बॅटरी नव्हती, ती तर माझ्या कपाटात होती. पडदा मेलेला, काळा. त्या काळ्यावर, मधोमध, अंगठ्यानं दाबून दाबून उमटवलेले दोन पांढरट डाग. असा दाब पडला की काच आतून फुटते, डाग कायमचा राहतो. गिऱ्हाइकांना मी हे रोज सांगतो. मी तेच सांगायला तोंड उघडलं.

ते डाग मिटले. आणि उघडले.

बाप आपलं लेकरू दुसऱ्याला दाखवताना बघतो तसा तातेराव माझ्याकडं बघत होता.

"बद्री," आवाज आला. "तू असा दिसतोस होय."

"हो, ताई," मी म्हणालो. ताई का म्हणालो कळत नाही.

"माझ्या दहाव्याच्या जेवणाला तू आल्ता का रे?"

"न्हाई, ताई. मी न्हाई आलो."

ते डाग माझ्यावर ठरले. काचेवरून नजर हलते ती मी त्या दिवशी बघितली.

"आन् रामकिसनकाका?"

खाली रस्त्यावर कोणीतरी टरबुजं विकत होतं. बापाला मी आयुष्यात कधी पाठीशी घातलेलं नाही. त्याच्या तोंडावर बोललोय, चारचौघांत बोललोय.

"न्हाई," मी म्हणालो. "तेबी न्हाई."

डाग तसेच राहिले. मग हळूहळू मिटले. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. तातेरावनं झाकण लावलं, शाल गुंडाळली आणि कडेवर घेऊन एकेक पायरी उतरत गेला.

मी दुकान बंद करून सरळ घरी आलो. बाप जेवायला बसला होता. मी बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि त्याच्यासमोर बसलो.

त्यानं वर बघितलं. घास हातातच. "आज बुंदीचं काही बोलणार न्हाई का?"

"जेवा तुम्ही, बाबा," मी म्हणालो.